पस्तीस ठिपक्यांतला बाप

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना एका शनिवारी तिनं मला दारात बघितलं आणि आत तोंड करून ओरडली, "आई, पावणं आल्यात!"

सगळे हसले. बायको हसली, शेजारची म्हातारी अव्वा तर पदर तोंडाला लावून हसली, आणि मीही हसलो. न हसून करतो काय? चप्पल काढता काढता मात्र काळजात चर्र झालं. पोरीची काहीच चूक नव्हती. आमच्याकडं परक्या माणसाला पावणंच म्हणतात, आणि पंधरा दिवसांनी एकदा हातात पिशवी घेऊन येणारा, एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत जाणारा माणूस दुसरा कोण असणार?

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालं आणि तिची बदली झाली ती थेट चंदगड तालुक्यात, पार गोव्याच्या अंगाला, काजूच्या झाडीत. मी कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात. नवरा-बायकोला एका ठिकाणी आणायचा नियम होता, पण तो दोघंही सरकारी असतील तर. मी खाजगीत. म्हणजे सरकारच्या लेखी मी नवराच नव्हतो म्हणा ना! मुलगी झाली तेव्हा रजेचे महिने कोल्हापुरात गेले, मग ती आईबरोबर तिकडं गेली आणि इकडं मी, एक खोली, खानावळीचा डबा आणि फोन.

फोनवर एवढंसं पोर काय बोलणार? रिसीव्हर कानाला लावला की ती गप्प. मी इकडं 'बाळ, बाळ' करून घसा कोरडा करायचा आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. त्या श्वासावर मी कैक वेळा पाच-पाच मिनिटं काढली आहेत. मग बायको फोन घेऊन म्हणायची, "अहो, ती केव्हाच खेळायला गेली. मीच आहे."

त्या 'पावणं आल्यात'नंतर माझ्या डोक्यात एकच भीती बसली. ही पोरगी मला ओळखेनाशी होणार. आज पावणं म्हणते, उद्या लाजून आईच्या मागं लपेल, आणि परवा मी तिला उचलायला गेलो तर रडेल. बदली कधी होईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. नोकरी सोडून तिकडं जावं तर तिकडं मी करणार काय, काजू फोडणार? जीव नुसता तुटायचा.

आमच्या कारखान्यात फाउंड्रीवाल्यांसाठी भट्टीचं तापमान दाखवणारे लाल आकड्यांचे डिस्प्ले बनायचे. मालक हौशी माणूस. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, तेव्हा ते परदेशातलं कसलंसं प्रदर्शन बघून आले आणि येताना रुमालात गुंडाळून दोन काचा घेऊन आले. वहीच्या पानापेक्षा लहान, करड्या रंगाच्या, दिसायला अगदीच दरिद्री. त्याला म्हणे इलेक्ट्रॉनिक कागद म्हणायचं. त्यातली एक मालकांनी आम्हाला दाखवतानाच अंगठ्यानं दाबून तडकवली. 

राहिलेल्या एका काचेवर मी तीन आठवडे डोकं फोडलं. शेवटी एका दुपारी तिच्यावर एक चौकोन उमटला. नुसता काळा चौकोन, पण मालकांनी तो बघितला आणि पुढं होऊन वायरच उपटली. आणि चौकोन तसाच! लाईट नाही, बॅटरी नाही, काही नाही, तरी चौकोन आपला जागेवर. मालक म्हणाले, "बघितलंस व्हय? वीज गेली तरी चित्र जाईत न्हाय. उमटायला तेवढी लागती, ऱ्हायला लागत न्हाय."

आत काय असतं ते मी घरी बायकोला असं सांगितलं होतं. काचेच्या आत डोळ्यालाही न दिसणाऱ्या बारीक बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण. काळे तीळ आणि पांढरे तीळ एका बाटलीत भरावेत तसे. विजेचा एक धक्का दिला की काळे वर येतात, उलटा दिला की पांढरे. आणि एकदा वर आले की तिथंच बसून राहतात, पुढचा धक्का मिळेपर्यंत. बायको म्हणाली, "म्हणजे चिकट आहेत." म्हटलं, व्हय, चिकटच आहेत.

पण त्यांची एक खोड होती. एक चित्र पुसून दुसरं काढलं की पहिल्याची फिकट सावली मागं राहायची. काही कण हट्टी असायचे, पुरते वर यायचेच नाहीत. त्यावर उपाय म्हणजे अख्खी काच आधी काळीकुट्ट करायची, मग पांढरी, परत काळी, परत पांढरी. तीनदा असं फडफडवलं की सगळे कण हलून मोकळे व्हायचे आणि काच कोरी. काच बनवणाऱ्या कंपनीच्या कागदात बजावून लिहिलं होतं की दर पाच-दहा चित्रांनंतर हे केलंच पाहिजे. मी तर बोर्डाला दर चित्राआधी ते आपोआप करायला लावलं होतं, शिवाय काचेच्या मागं त्यासाठी एक वेगळं बटणही बसवलं होतं.

मालकांच्या डोक्यात असं होतं की याचा बोर्ड करून खेड्यातल्या एसटी थांब्यांवर लावायचा. कोल्हापुरातून मोबाईलचा मेसेज टाकला की तिथं गाडीची वेळ बदलेल आणि लाईट नसली तरी दिसत राहील. मी बोर्डाला मोबाईलचं सिम लावलं, छोटी बॅटरी लावली आणि कारखान्याच्या फाटकावर टांगून चाचणी सुरू केली. मालक येऊन बघून गेले आणि खवळले.

"अरं, हितं काय टेस्टिंग करतोस? हितं लाईट हाय, टावर हाय, डोक्यावर पत्रा हाय. जिथं काय बी न्हाय तिथं लाव की!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चंदगडला लावू?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. "बायको तिकडंच हाय न्हवं तुझी? लाव, लाव. टेस्टिंग बी कर, संसार बी कर. पर पावसाळा संपला की माल हितं पायजे."

असा तो बोर्ड चंदगडच्या त्या भाड्याच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला खिळ्यावर लागला, आणि घरात रेंज नव्हती म्हणून त्याची एरियल लांब वायर ओढून बाहेरच्या फणसावर.

आता अडचण अशी की मेसेज एकशेसाठ अक्षरांचा. त्यात चित्र मावणार कसं? मग मी रांगोळीवाल्या बायकांची युक्ती केली. काचेवर मनातल्या मनात ठिपके मांडले, शंभर आडवे, शंभर उभे. प्रत्येक ठिपक्याला चार आकडे. मी आकडे पाठवायचे आणि बोर्डानं एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढत जायचं. मेसेजाच्या आरंभीची खूण आणि कुठं हात उचलायचा त्याच्या खुणा वजा केल्या की पस्तीस ठिपके उरायचे. जे काय काढायचं ते पस्तीस ठिपक्यांत. मांजराला मिशा दिल्या तर शेपूट अर्धी राहायची.

त्यात माझी चित्रकला म्हणजे आनंदीआनंद! नव्वदच्या दशकात डिप्लोमाला असताना ड्रॉइंगच्या पेपरात मी दोनदा आपटलो होतो. माझा बोल्ट बघून सर म्हणाले होते, "हे वांगं कशाला काढलंयस?" असा मी माणूस, आणि रोज संध्याकाळी सहाला कारखाना सुटला की आलेखाची वही उघडून कोंबडीचा पाय कुठल्या ठिपक्यावर टेकवायचा याचा विचार करत बसायचो. खानावळीचा डबा गार व्हायचा. बरोबर सात वाजता मेसेज सोडायचा.

पहिली कोंबडीच पाठवली. जरा वेळानं फोन आला. मी अधीर होऊन विचारलं, "काय म्हणाली?"

बायको म्हणाली, "काय म्हणतेय! घर डोक्यावर घेतलंय रडून. अहो, आधी ते भसाभस काळं होतं ना, तीनदा, त्याला घाबरली. कोंबडी बघितलीच नाही तिनं. तेवढं काळं होणं बंद करा, नाहीतर मी बोर्ड उतरवून ठेवते."

आता आली का पंचाईत! कंपनीचा कागद म्हणतो कर, पोरगी म्हणते नको. मी रात्रभरसुद्धा विचार केला नाही. तिथल्या तिथं पुढच्या मेसेजात बोर्डाला हुकूम सोडला की आजपासून काळं करायचं नाही, जुनी रेघ हळूच पांढरी करायची आणि नवी काढायची. दुसऱ्या दिवशी मांजर गेलं. 'पप्पा आले बघ,' म्हणत बायकोनं तिला बोर्डासमोर बसवलं. फोनवर पहिल्यांदा पोरीचा आवाज आला. "म्यांव," ती म्हणाली. एवढंच. मी त्या रात्री खानावळीत जिलबी मागवली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही दिली.

मग रोज एक. बकरी, एसटी, छत्री, हत्ती. हत्तीला पस्तीस ठिपके पुरले नाहीत म्हणून सोंड तेवढी लांब आणि पाय तीनच. आणि जे व्हायचं तेच झालं. न फडफडवल्यामुळं सावल्या साचत गेल्या. बायको सांगायची की बकरीच्या पोटातून मांजर दिसतंय, छत्रीखाली कोंबडी आहे, सगळं एकात एक. मी शरमलो, म्हटलं, काच घाण करून ठेवली आपण. ती म्हणाली, "असू द्या. तिला तेच आवडतं. नवं चित्र आलं की आधी जुनी मोजते. कोंबडी आहे का, मांजर आहे का. म्हणते, कुणीच गेलं नाही."

जुलैत तिकडं पाऊस लागला तो असा की विचारू नका. घाटात दरड आली, एसटी बंद, तारा तुटल्या. पाच दिवस फोन लागेना. मी कोल्हापुरात आपला रोज सातला मेसेज सोडतोय, तो पोचतोय की नाही काही कळत नाही. कामात लक्ष लागेना. सहाव्या दिवशी शाळेच्या फोनवरून बायको बोलली. त्या पाच दिवसांत बोर्डाची बॅटरी संपली होती, घरात चिमणीच्या उजेडात बसायचे, आणि काचेवर शेवटची आलेली बकरी तशीच उभी होती. पोरगी तिच्याशी बोलायची म्हणे. लाईट आली तेव्हा अडकलेले पाचही मेसेज एकदम येऊन पडले आणि काचेवर एकामागून एक पाच चित्रं उमटली. पोरीनं ओरडून अव्वाला बोलावून आणलं. अव्वा आली, बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, तुझ्या बानं तर आख्खा बाजार पाठवला की गं!"

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आपण तिथं नसताना आपलं काहीतरी तिथं टिकून होतं. मी रस्ता सुरू व्हायची वाट बघत राहिलो. पंधरा दिवसांनी जाणारा मी, त्या वर्षी मध्ये पाच आठवडे गेले.

ऑगस्टमध्ये एसटी सुरू झाली तसा पहिल्याच गाडीनं निघालो. गडहिंग्लजला गाडी बदलली, तिथं तिच्यासाठी लाल रेनकोट घेतला. वाटभर मनात चित्र रंगवत होतो. आता ती ओळखणार. आता धावत येणार.

दारात पोचलो. ती धावत आली खरी. माझं बोट धरलं, आत ओढत नेलं आणि बोर्डासमोर उभं करून म्हणाली, "हे बघा माझे पप्पा."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. मी म्हटलं, "अरे वा! छान आहेत." दुसरं काय म्हणणार? अगदी शाळेत पाहुण्यांना वर्ग दाखवावा तसं ती मला एकेक दाखवत होती, ही कोंबडी, ही बकरी, हे मांजर झोपलंय. मी आलोय याचं तिला काही वावडं नव्हतं. अप्रूपही नव्हतं.

सात वाजायला आले तशी ती हातपाय धुऊन बोर्डासमोर मांडी घालून बसली. मी तिच्या मागं बसलो. सात वाजले. काहीच आलं नाही. येणार कसं? पाठवणारा तिच्या पाठीमागंच बसला होता. सव्वासात झाले. तिचा चेहरा उतरत गेला, ओठ वाकडा झाला आणि ती रडायला लागली, "पप्पा आले नाहीत."

मी म्हटलं, "बाळ, मीच पप्पा. मी इथंच आहे की." ती माझ्याकडं बघून आणखी मोठ्यानं रडली.

मग मी उठलो. वही घेतली, छत्री घेतली आणि बाहेर गेलो. मोबाईलला रेंज फक्त फणसाच्या झाडाखाली यायची. तिथं भर पावसात, छत्री मानेत अडकवून, एका हातानं वही धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आकडे टाइप केले. बेडूक काढला. बोटं गारठली होती, दोन ठिपके चुकले असणार. मेसेज गेला. मी तिथंच उभा राहिलो. जरा वेळानं घरातून तिची किंकाळी ऐकू आली, आनंदाची. "आले! पप्पा आले!"

मी झाडाखाली उभा राहून रडलो. सांगायला लाज कसली? घरात बसून पोरगी मिळाली नाही, म्हणून बाहेर पावसात येऊन तिला भेटावं लागलं, आणि भेट झाली तेव्हा मीच तिथं नव्हतो. आज ती मोठी झाली आहे, लांबच्या शहरात शिकते, तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी सांगितलं तर हसते. म्हणते, "बेडूक तरी धड काढायचात."

गणपती झाले, पाऊस ओसरला आणि मालकांनी हाक मारली. "सोमवारी गिऱ्हाईक येणार हाय. बोर्ड घिऊन ये. आन् कोरा करकरीत पायजे बघ, काय डाग न्हाय, काय न्हाय."

मी मान डोलावली. शनिवारी चंदगडला गेलो. बायकोला सांगितलं की उद्या बोर्ड न्यायचा आहे. ती म्हणाली, "ती झोपल्यावर गुपचूप काढून नेऊ नका. सकाळी उठून भिंत रिकामी दिसली की मी तिला काय सांगू? तिच्यासमोर करा काय करायचं ते."

"ती घाबरेल."

"घाबरू दे. निदान तुम्ही असाल तिथं."

रविवारी सकाळी वंदना झाली, चहा झाला. मी बोर्ड खिळ्यावरून उतरवला आणि जमिनीवर बसलो. बोर्ड माझ्या हातात आहे म्हटल्यावर पोरगी आपोआप माझ्या मांडीत येऊन बसली. माझ्यासाठी नाही, बोर्डासाठी. तरी तिचं वजन मांडीवर आलं आणि मी पायसुद्धा हलवला नाही. उन्हात बघितलं तर काच म्हणजे सगळी गर्दी झाली होती. तीन महिन्यांच्या सावल्या, कुणाचे कान कुणाच्या पाठीवर.

मी तिला म्हटलं, "आता हे सगळे आंघोळ करणार. मग पप्पांच्या कारखान्यात जाणार."

"कोंबडीपण?"

"कोंबडीपण. वहीत आहेत सगळी, ही बघ." मी वही उघडून दाखवली. तिनं ते आकडे बघितले. तिला काही ते पटलं नाही.

"थोडंसं काळं होईल हं. भ्यायचं नाही. मी आहे," मी म्हटलं आणि मागचं बटण दाबलं.

काच काळीकुट्ट झाली. तशी ती गर्रकन वळली, दोन्ही मुठींत माझा शर्ट गच्च धरला आणि माझ्या गळ्यात तोंड खुपसलं. पांढरी झाली, परत काळी. तिनं आणखी घट्ट धरलं. तिचे पाय माझ्या पोटाला टोचत होते, श्वास मानेला लागत होता, तोच श्वास, जो मी दोन वर्षं फोनवर ऐकला होता. गरम होता तो. आईकडं गेली नाही ती. आई चार पावलांवर उभी होती, तरी गेली नाही.

"गेलं काळं?" तिनं तोंड वर न काढता विचारलं.

मी काचेकडं बघितलं. तिसऱ्या फडफडीला सगळे कण सुटले होते. कोंबडीचा पाय नाही, मांजराची मिशी नाही, एक डाग नाही. मालकांना हवी तशी कोरी करकरीत.

बायको दारातून म्हणाली, "झालं की स्वच्छ. अहो, पुरे आता, घाबरलीय ती."

मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "नाही गं, जरा राहिलंय अजून," म्हटलं, आणि परत बटण दाबलं.